नारबोदीचं लुगडं

१० ऑगस्ट, रविवार

लामत्यात मामाकडे येऊन आठवडा झाला. आईला सांगून आलो की धानाच्या रोवणीत मामाला हात देतो. रोवणी आधीच संपलेली, हे बसमध्ये कळलं. उतरायचं कशाला म्हणून उतरलो नाही.

बिरसा गावाकडच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवायचा प्लान कॅन्सल नाही, पोस्टपोन आहे. पावसाळ्यात जंगल बंद असतं, त्यात माझा दोष नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज लिहिणे. कोणाला दाखवायचं नाही.

११ ऑगस्ट, सकाळी ९

पाऊस होता. पाचला उठून करणार काय?

रचनाला, म्हणजे मामाच्या पोरीला, बी.ए.चा प्रोजेक्ट मिळाला आहे. एक जुनी इंग्लिश कादंबरी. पोरं बेटावर अडकतात, मोठं माणूस एकही नाही, मग राजा कोण यावरून मारामारी. विषय: कादंबरीतली प्रतीकं आणि सत्ता. मी म्हणालो, सत्ता माझ्यावर सोड. ती म्हणे, दादा, तुनं तं बी.ए. अर्ध्यात सोडलं. मी म्हणालो, अर्धं केलं असं म्हण.

संकल्प: पुस्तक पंधरा ऑगस्टच्या आत संपवणे.

१३ ऑगस्ट

पान एकतीस. भारी आहे. पोरांना एक शंख सापडतो. ज्याच्या हातात शंख, तोच बोलणार, बाकी चूप. इतकी साधी गोष्ट आपल्याकडे कोणाला सुचली नाही.

पुढे वाचणार होतो, पण पुष्पलता काकीनं चहाला बोलावलं. काकी गल्लीच्या टोकाला चिंचेखाली एकटी राहते. दोन म्हशी. पोरगी वारासिवनीला दिलेली. सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन घरोघरी दूध घालते. दारात येऊन "दूध" म्हणते, तेही इतकं हळू, जसं कोणी आहे का घरात म्हणून विचारून राह्यली. तिच्या चहात पाणी नसतंच. मला म्हणे, पवन बेटा, मामाकडे तू करतं काय? म्हणालो, प्रोजेक्ट. म्हणे, हौ, पोटावरून दिसते.

हसलो दोघं. अशी माणसं पाहिजेत.

१५ ऑगस्ट

झेंड्यानंतर पोरं शाळेच्या पारावर बसली. पोळा जवळ आला, नारबोद कोण करणार? मागच्या वर्षीचा अध्यक्ष कामाला नागपूरला गेला. शांतता झाली. शांततेत मी उभा राहिलो. बहुतेक पाय आखडले होते म्हणून, पण सगळ्यांनी वर पाहिलं आणि मी अध्यक्ष झालो. वीरेंद्र तेवढा म्हणे, हा तं पाव्हणा आहे बे. पाहुणा म्हणजे निःपक्ष, हे त्याला समजावलं.

प्रोजेक्टमध्ये टाकायला नोट: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या वेळी, गवताची बाई करून गल्लीतून शिवेवर नेतात. मागून ओरडायचं, "ताप-खोकला घेऊन जाय गे नारबोद." शिवेवर जाळायची. म्हणजे सगळं वाईट एका बाईवर लादून गावाबाहेर. प्रतीक! रचनाला सांगितलं. ती म्हणे, दादा, हे पहिल्यांदा कामाचं बोलला.

१६ ऑगस्ट, दुपारी

पहिली मीटिंग. शंख नव्हता. मामाच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी नेली. नियम सांगितला: घंटी ज्याच्या हातात, तोच बोलेल. अडचण अशी झाली की जो बोले त्याचा हात हाले, आणि हात हालला की घंटी वाजे. वीरेंद्र म्हणे, बोलणाऱ्याचंच ऐकू येऊन नाही राह्यलं, मंग फायदा काय? तोडगा मीच काढला. घंटीत फडकं कोंबलं. आता ती हालते पण वाजत नाही.

मीटिंग शिस्तीत झाली. बहुतेक वेळ घंटी माझ्याकडे होती.

१८ ऑगस्ट

गल्लीत ताप आला. वीरेंद्रच्या भावाची पोरगी तीन दिवसांपासून फणफणली आहे. काल मीटिंगला येणाऱ्या प्रेमलालच्या घरी दोघं पडले. बालाघाटचा डॉक्टर म्हणाला, मच्छर. पण पारावर कोणी मच्छराचं बोलत नाही. दबून बोलतात. चिंचेखाली कुत्रं रडते म्हणे. कोणाची तरी नजर आहे म्हणे.

पान चौऱ्याऐंशी. तिथेही हेच! पोरांना वाटतं, बेटावर जनावर आहे. कोणी पाहिलं नाही, पण सगळे घाबरतात. मागच्या कव्हरवर लिहिलं आहे की जनावर बाहेर नसतं, आपल्यातच असतं. मीटिंगमध्ये हे वाक्य टाकलं.

मग वीरेंद्र म्हणे, आपल्यात म्हणजे कोणाच्यात?

मी म्हणालो, ते पुस्तक संपल्यावर सांगतो.

आता वाटतं, तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण पुढचं मी वाचलं कुठं होतं?

१९ ऑगस्ट

मामा जेवताना म्हणे, अध्यक्षसाहेब, चिंध्या गोळा केल्या का? मला माहीत नव्हतं. नारबोदीला हरेक घरची एक चिंधी लागते. कोणाचं धोतर, कोणाची चड्डी, कोणाचा फाटका ब्लाउज. एकही घर सुटलं नाही पाहिजे. मी विचारलं, काहून? मामा म्हणे, काहून म्हणजे, सगळ्याइची असते ना ते. मग भात कालवायला लागला.

वीरेंद्र म्हणे, चिंध्या मी आणतो. मी म्हणालो, नाही, अध्यक्ष आणेल. जबाबदारी वाटून टाकली की सत्ता पातळ होते. हे पुस्तकात नाही, माझं आहे.

संकल्प: उद्या सकाळी पूर्ण गल्ली.

२१ ऑगस्ट

काल वारासिवनीला जावं लागलं. प्रोजेक्टसाठी कोरे कागद आणायचे होते. बाजारात काळा चष्मा दिसला. घातल्यावर चेहरा अध्यक्षासारखा दिसतो. कागद राहिले.

आज दुपारी चिंध्यांसाठी निघालो. पहिलं घर काकीचं. तिनं चहा ठेवला, पाऊस लागला, दुसरा चहा झाला. मग तिनं पेटीतून अख्खं लुगडं काढलं. मोरपंखी, पिवळ्या काठाचं. हे तर तिचं बाजाराच्या दिवशीचं! सगळं लामता ओळखतं. म्हणे, पदर विरला बेटा, आता माह्या अंगावर नाही टिकत. तुह्या नारबोदीले नेसव, मोठी सुंदर दिसन.

अख्खं लुगडं मिळाल्यावर चिंध्यांची गरज काय? पावसात घरोघरी भिकाऱ्यासारखं फिरायचं कशाला? एकच कापड, एकच रंग. दिसायलाही साफ.

२२ ऑगस्ट, पोळा, संध्याकाळी ६

मामाचा बैल तोरणाखाली घंटीशिवाय उभा राहिला. मामा घरभर शोधत होता. मी सांगितलं नाही. एक दिवसाचा प्रश्न आहे.

नारबोद तयार झाली. शाळेच्या मागे टेकवून ठेवली आहे. गवत मी भरलं, मातीच्या हांडीवर तोंड वीरेंद्रनं रंगवलं. डोळे फार मोठे काढले. कपाळावर काकी लावते तसंच गोल कुंकू लावलं. मी विचारलं, हे काहून? तो म्हणे, बाईले कुंकू नाही लागत का? बरोबर होतं. आक्षेप घेता आला नाही.

रचना बघायला आली. नारबोदीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणे, दादा, हे काकी आहे.

मी म्हणालो, ही नारबोद आहे. प्रतीक आहे.

ती म्हणे, हरेक घरच्या चिंध्या कुठं आहे?

मी चष्मा घातला.

२३ ऑगस्ट, सकाळी ११

झालं.

झुंजूमुंजू होतं. तोंडाला काजळी लावायचं वीरेंद्रच्या डोक्यात कुठून आलं, माहीत नाही. सगळ्यांनी लावली. मीही. अध्यक्षच वेगळा दिसला तर शिस्त राहत नाही. काजळी लावल्यावर कोण प्रेमलाल आणि कोण महागू, समजेना. स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तोही दुसऱ्याचा वाटला.

मी सगळ्यात पुढे. "ताप घेऊन जाय गे नारबोद, खोकला घेऊन जाय गे नारबोद." घराघरांतून म्हातारे-म्हाताऱ्या बाहेर येऊन तेच म्हणत होते. छान चाललं होतं.

काकी दारात उभी होती, कॅन हातात. आपलं लुगडं पाहून तिनं तोंडाला पदर लावला आणि हसली. मला हात केला. दिसते ना सुंदर, अशा अर्थानं.

तेव्हा मागून वीरेंद्रचा आवाज आला: "ताप घेऊन जाय गे काकी."

दोन-तीन जण हसले. पुन्हा तेच आलं. मग सगळेच. मी घंटी वर केली. नियम होता ना, घंटी वर म्हणजे चूप. जोरात हालवली. आत फडकं होतं.

लय पकडली गेली होती. मधे मी थांबलो असतो तर मागचे अंगावर आले असते. म्हणून मीपण ओरडलो. एकदा. दोनदा असेल.

काकीचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. काढायचं विसरल्यासारखं.

शिवेवर माझ्याकडून घासलेट घरी राहिलं. माचीस ओली. पदर जरा जळला, मग धूर, मग पाऊस. पोरं पळाली. नारबोद बांधावर उताणी पडली, डोळे उघडे. जाळल्याशिवाय सोडायची नसते, हे मला माहीत आहे. संध्याकाळी जाऊन जाळतो.

२४ ऑगस्ट

पाऊस. उद्या जाळतो.

सकाळी दारात "दूध" आलं. मामी आत होती. उठली नाही. पुन्हा एकदा आलं. मामीनं मला ओठावर बोट ठेवून दाखवलं. मग पावलं पुढच्या घरी गेली. तिथंही दार वाजलं नाही.

मी म्हणालो, मामी, हे बरोबर नाही. मामी म्हणे, मले समजते बाप्पा. पण लेकरंबाळं आहे गल्लीत, लोक काय म्हणन?

चहा काळा होता.

२६ ऑगस्ट

मामासोबत शेतात गेलो. धान हिरवंगार. बांधावरून गावाची शीव दिसते. नारबोद तिथंच आहे. पावसानं गवत फुगलं, त्यामुळं मोठी झाल्यासारखी वाटते. एक हात वर आला आहे. मामा म्हणे, जाळली नाही का रे? म्हणालो, लाकूड ओलं होतं. मामा म्हणे, नारबोदीले लाकूड लागतच नाही.

मी शिवेकडे पाठ करून उभा राहिलो. तरी मानेवर कोणी पाहून राह्यलं असं वाटत होतं. वारा असेल.

काकीचा स्टेशनचा रस्ता नारबोदीच्याच बाजूनं जातो. गल्लीत फिरून उरलेलं दूध आता ती रेल्वे स्टेशनवरच्या हॉटेलात घालते. तिथं तिला कोणी ओळखत नाही.

२८ ऑगस्ट

ठोस प्लान. अर्जंट मीटिंग. घंटीतलं फडकं काढणार. सर्वांसमोर सांगणार की दोष लुगड्याचा होता, काकीचा नाही. मग सगळी पोरं मिळून काकीकडे दूध घ्यायला जाणार. भाषण पाठ केलं.

दुपारी ४. पारावर कोणी आलं नाही. पोरं गणपतीच्या मांडवात. वीरेंद्र अध्यक्ष आहे. त्याच्या भावाची पोरगी बरी झाली. तो सगळ्यांना सांगतो, पाह्यलं ना, नारबोदीनं नेलं. प्रेमलालच्या घरी अजून ताप आहे, त्याचं कोणी बोलत नाही. मला म्हणे, पाव्हण्या, दोरी पकड. मी पकडली. मांडव मोठा होता, मदत लागत होती.

३० ऑगस्ट

माझं पुस्तक संपायच्या आतच रचनानं प्रोजेक्ट लिहून दिला. म्हणाली, मी वाचलं दादा, तू राहू दे. शेवट विचारला. म्हणे, शेवटी मोठं माणूस येते, मंग पोरं रडतात.

मी म्हणालो, बघ, मोठं माणूस आलं की सुटतं.

ती कपडे घड्या करत होती. म्हणे, इथं तं मोठे माणसं पहिल्यापासून दारात उभे होते.

यावर उत्तर आहे. आत्ता आठवत नाही.

३१ ऑगस्ट, सकाळी

आज पक्कं. घासलेट, कोरडी माचीस, मेणबत्तीही. एकटा गेलो.

बांधावर नुसतं गवत होतं. काळं पडलेलं, पसरलेलं. तोंडाची हांडी फुटली होती, एक डोळा आकाशाकडे. लुगडं नव्हतं.

माचीस पेटवून फेकून पळालो. पेटलं का, पाहिलं नाही.

परत येताना चिंचेखाली दोरीवर ते वाळत होतं. धुतलेलं. मोरपंखी, पिवळा काठ. पदराशी तव्याएवढं भोक, कडा काळ्या. वाऱ्यानं फुगलं की आत कोणी असल्यासारखं. काकी म्हशीचं शेण काढत होती. तिनं पाहिलं नाही. किंवा पाहिलं.

संकल्प: उद्या तिचं दूध सर्वांत आधी मी घेणार. मोठा गडवा घेऊन दारात उभं राहायचं, पूर्ण गल्लीसमोर. एकानं घेतलं की बाकीचे घेतात. हेही सत्तेचंच आहे, फक्त चांगल्या कामाला.

१ सप्टेंबर, सोमवार

पाचला उठलो. पहिल्यांदा. गडवा घासला. ओट्यावर उभा राहिलो.

ती आली. तेच लुगडं नेसून. बाजाराचा दिवस नव्हता. भोक लपवलं नव्हतं, खांद्यावरून पुढे घेतलं होतं. समोरच्या ओट्यावर वीरेंद्र दात घासत होता. त्यानं ब्रश थांबवला. बाजूच्या खिडकीत कोणीतरी होतं.

काकी माझ्यासमोर थांबली. कॅनचं झाकण काढलं. म्हणे, दूध?

तेवढंच. तसंच हळू.

मी गडवा मागे घेतला. म्हणालो, मामीले इचारून येतो काकी.

आत आलो. मामी झोपली होती. मग मागच्या अंगणात गेलो. बैल उभा होता, त्याच्या गळ्यात घंटी बांधून टाकली. त्याचीच होती. मान हालली तशी वाजली, स्पष्ट. तो हवेत तोंड करून रवंथ करत होता, मी त्याच्या बाजूला उभा राहिलो. पुढच्या घरी "दूध" झालं. मग त्याच्या पुढच्या. मग ऐकू येणं बंद झालं.

गडवा कोरडाच होता, पुन्हा पालथा ठेवला.

दुपारच्या बसनं बिरस्याला निघतो. जंगल उघडायला वेळ आहे, पण आधी पोचलेलं बरं.

चहा काळाच घेतला. तब्येतीला चांगला असतो म्हणतात.