भरतीला बांधलेली बोट

बंदरावरून,
सोमवार, ता. ३

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. कुठल्या तोंडाने लिहू, यातच आठवडा गेला.

लेक-जावयांच्या बोटीतून आम्ही या जुन्या बंदरात पोचलो. दगडी धक्का, जुनाट गोदामं, वर किल्ला. भरतीचं पाणी धक्क्याच्या काठाला टेकलेलं. जावयांनी बोट बांधली, पण दोर सैल. मला ते बघवेना. जन्मभर मालट्रकवर ताडपत्र्या आवळल्या. सैल दोर दिसला की माझा जीव खालीवर होतो. दोघं पुढे गेली तसे मी दोर करकचून आवळले, वर एक जादा गाठ मारली आणि समाधानाने किल्ला चढलो.

बुरुजावरून जावयांना म्हणालोही, की बघा, बोट कशी जागच्या जागी आहे. होती खरी. पाणी मात्र नव्हतं. ओहोटीने ते पुरुषभर उतरलं होतं आणि बोट खुंटीवरच्या सदऱ्यासारखी धक्क्याला लटकली होती. मच्छीमार धावत येऊन दोर कापेपर्यंत बोटीची दोर बांधायची कडी फळीसकट उखडली.

जावई तडक सुताराला आणायला गेले. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या. सुतार दुरुस्ती करतोय. काल लेक चौकात बसच्या वेळा विचारत होती. मला घरी धाडायचा बेत दिसतो. ही गेल्यापासून त्या घराचं कुलूप उघडायचं म्हटलं की पाय जड होतात. आपणच निघतो म्हणावं का? तू सांगशील तसं.

लोभ आहेच, तो ओहोटीला लागू देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या

गुरुवार, ता. ६

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी पोट धरून हसले, मग काळजी वाटली. माझ्या लग्नात तू आवळलेली पेटी सासरी सुरीने सोडवावी लागली. सासूबाई शेवटपर्यंत ते ऐकवायच्या. सत्तरी उलटली तरी हात तोच.

आपणहून निघू नकोस. बसच्या वेळा माणूस हजार कारणांनी विचारतो. लेकीला सरळ विचार. आणि जावयांची माफी मागितलीस का? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. आधी ते कर. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
अक्का

मंगळवार, ता. ११

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. जावयांची माफी मागितली. ते हळूच म्हणाले, की बोट घेतली त्या पहिल्या वर्षी त्यांनीही हेच केलं होतं आणि लेकीला ते अजून माहीत नाही. तेव्हा तूही पोटात ठेव.

बसची चौकशी सुताराला हवं असलेलं लाकूड आणण्यासाठी होती. मी मात्र पिशवी भरून बसलेलो. लेकीने ती पाहिली, माझे कपडे परत फळीवर रचले आणि दोराचं टोक हातात दिलं. म्हणाली, "बाबा, हे आता तुमचं काम. पाणी उतरलं की सोडायचं, चढलं की ओढायचं."

पहिल्यांदा दोर सोडताना मला घाम फुटला. बोट हळूहळू खाली गेली, तिला काही झालं नाही. आता धक्क्यावर माझी बसायची जागा ठरलीय. काल शेजारच्या बोटवाल्यालाही बजावलं, की एवढं आवळू नका, पस्तावाल.

उद्या भरतीला निघतोय. पुढच्या बंदराचा पत्ता मागे लिहिलाय. उत्तर लगेच टाक, ते माझ्याआधी तिथे पोचलं पाहिजे. नाहीतर मी दोर सांभाळू की टपालवाल्याची वाट बघू?

तुझा,
बाळ्या