वखारीतली किल्ली

येलहंका, बेंगळुरू

प्रिय आई,

औषध उशाशी असूनही एखादी बाई ते घेत नसेल, तर चूक कुणाची? हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला समाजशास्त्र होतं. तू विचारलं होतंस, सुई टोचणाऱ्या पोरींना समाज कशाला शिकवतात? आजाराची सामाजिक कारणं मी तेव्हा घडाघडा पाठ केली, त्या पेपरात पहिली आले, आणि तू तंबाखूच्या वखारीत बरोबरच्या बायकांना साखर वाटलीस.

आमच्या वॉर्डात मल्लव्वा होती, तुझ्याच वयाची. देवनहळ्ळीकडे शेतं मोडून घरांच्या प्लॉटचे लेआउट पडतायत, तिथे ती सिमेंट कालवायची. हृदय अशक्त, अंगात पाणी साठायचं. पाणी उतरायची गोळी रोज सकाळी घ्यायची, हे तुला वेगळं सांगायला नको. ती बरी होऊन जायची आणि पुन्हा सुजून यायची. डॉक्टर म्हणायचे, ह्या लोकांना सांगून उपयोग नाही. एकदा तिची वेणी घालताना मी विचारलं, का गं घेत नाहीस? ती आधी हसली. मग म्हणाली, अक्का, गोळी घेतली की सारखं जावं लागतं. साइटवर आडोसा कुठाय? पूर्वी झुडपं होती, आता सगळं सपाट केलंय. अंधार पडेपर्यंत आम्ही बायका धरून ठेवतो.

मी ते आमच्या मोठ्या सिस्टरना, श्रीविद्या अक्कांना सांगितलं. त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, खरंय तुझं, पण साइटवर संडास तू बांधणार की मी? तरी त्यांनी डॉक्टरांशी बोलून गोळी संध्याकाळवर आणली. मला वाटलं, शिकलेलं कामी आलं. पण ती राहायची पत्र्याच्या शेडमध्ये. तिथून रात्री एकटीनं बाहेर पडायची तिला भीती वाटायची. हे तिला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात ती आली ती श्वास लागूनच, आणि परत गेली नाही. तिचं अंग मी पुसलं. सुजलेल्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ होते. तसे वळ मी गणपतीत तुझ्या पायांवर पाहिले होते. तू म्हणालीस, बसून बसून होतं गं.

आई, वखारीतल्या संडासाची किल्ली मुकादमाच्या टेबलावर असते. चार पुरुषांसमोर ती मागायची लाज, म्हणून तू सकाळी घरून निघालीस की संध्याकाळपर्यंत जागची हलत नाहीस. लहानपणी मला त्याचा केवढा अभिमान होता. माझी आई दिवसभर पानं निवडते, एकदाही उठत नाही. हृदयाच्या गोळ्या तुला सुरू झाल्या तेव्हा तर मी शिकलेली होते, तरी ती किल्ली माझ्या ध्यानात आली नाही. फोनवर गोळीचं विचारलं की तू ‘घेते गं’ म्हणतेस आणि लगेच आपल्या धाकट्या आशयच्या अभ्यासावर जातेस. म्हणून हे पत्र. पत्रात तुला विषय बदलता येणार नाही.

जर्मनीला जाण्यासाठी जो भाषेचा वर्ग लावला होता, तिथून मी नाव काढलं आहे. तू सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतंस, ठाऊक आहे मला. इथे येलहंक्यात एक खोली घेतली आहे. तुझ्या मुकादमांना, बिंदुमाधव काकांना, काल फोन करून कळवलं की आई पुढच्या सोमवारपासून कामाला येणार नाही. तुला न विचारताच. मल्लव्वाला कुणी विचारलं नाही म्हणून चिडणारी मी, आणि तुझ्या बाबतीत मीही तेच केलं. रागव, पण इथे येऊन रागव. रविवारी मी तुला आणि आशयला न्यायला येते. खोली अगदी लहान आहे, खिडकीतून शेजारची भिंत तेवढी दिसते. पण संडास आत आहे, आणि त्याची किल्ली कुणाकडे मागावी लागत नाही.

तुझीच,
सिद्धी