डॅशबोर्डमागची घाण

मंगळवार, ४ मार्च

शी! गाडी मिळाली एकदाची, पण आत बसवत नाही. घर सोडलं तेव्हापासून नवऱ्यानं अडवून ठेवली होती. कागदावर नाव माझं, म्हणून झक मारत चावी दिली. आत सिगारेटची राख, सीटवर कसलेकसले डाग. असल्या पिकअपमधून मी लॉजच्या धुतलेल्या चादरी पोचवायच्या!

आणि तो कंपनीचा जुना स्टिरिओ. बटणं चिकट, एकच स्पीकर खरखरतो. मी तोंड उघडलं की नवरा त्याचा आवाज वाढवायचा. दर वेळी! बाकी काही होवो न होवो, तो डबा आधी उपटणार.

बुधवार, ५ मार्च

दादा म्हणाला, "तुला नाही जमायचं. वायरी जाळून ठेवशील. मेकॅनिककडे टाक." मेकॅनिक नवऱ्याचा जिगरी दोस्त — त्याचे हात माझ्या गाडीला? नकोच!

बॅटरीची वायर आधी सोडवली. स्टिरिओभोवतीची प्लास्टिकची चौकट काढताना तिचा अडकवायचा एक कान तुटलाच. दादाला सांगायचं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आत हात घातला तर सगळं चिकचिकीत. नवऱ्यानं मधेच कधीतरी वायरी कापून जोडल्यात — वर चिकटपट्टीचे वेढे, तेही वितळलेले. साबणानं तीनदा हात धुतले, तरी जेवण गेलं नाही.

त्यात सासूबाईंचा फोन. "बरी आहेस ना गं? राहतेस कुठे?"

"आहे कुठेतरी," म्हटलं आणि ठेवून दिला. पत्ता काढायला त्यानंच सांगितलं असणार. तो माझ्यावर ओरडायचा तेव्हा ही बाई खाली मान घालून त्याला गरम वाढत असायची. हात उचलला तेव्हाही. त्याच्यापेक्षा कधीकधी हिचीच जास्त किळस येते.

शनिवार, ८ मार्च

स्टिरिओ निघाला. मागे मेलेला उंदीर. वाळलेला. पुढे लिहवत नाही.

रविवार, ९ मार्च

फिनेलनं पुसलं. कापलेल्या वायरी नव्यानं जोडल्या, नवा स्टिरिओ बसवला. वाजला! पण गाडी बंद केली की लावून ठेवलेली स्टेशनं गायब. डोक्याला हात लावून बसले. मग कळलं — लाल आणि पिवळी वायर उलट जोडली होती. बदलली. आता दोन्ही दारांतून स्वच्छ आवाज येतो.

दादाला दाखवला. "चौकट हलतेय," म्हणाला. बस, एवढंच! पुरुषाची जात!

वास मात्र अजून आहेच. काच उघडी टाकून चालवावी लागणार.

सोमवार, १० मार्च

सकाळी गठ्ठे चढवत होते. वळून बघते तर फाटकाशी सासूबाई. पत्ता दादानं दिलेला. हातात एक पिशवी, डावा डोळा सुजून मिटलेला.

"आता माझ्यावरही हात उचलतो गं," म्हणाल्या. "त्या दिवशी फोन केला, पण जीभ उचलेना."

पिशवी घेतली, त्यांना पुढे बसवलं, आणि गठ्ठे तसेच ठेवून सरळ दवाखाना गाठला.