अटीच्या वरची ओळ

सोमवार, १० नोव्हेंबर

आमच्या बॉसनं, परेशजींनी, आज सगळ्यांसमोर झापलं. महूच्या दवाखान्याची मशीन रोज संध्याकाळी आमच्या सर्व्हरवरून पेशंटांचे रिपोर्ट उचलते. गेल्या आठवड्यापासून उचलतच नाही – रिकाम्या हातानं परत! दोष कुणाचा? माझा. का, तर त्याच आठवड्यात अच्युत सरांना रिटायर केलं आणि त्यांच्या जागी मी बसले. मला पक्कं करायचं की घरी पाठवायचं, ते या शनिवारी ठरणार आहे.

"अच्युतजींच्या टाइमला असं कधी झालं नाही," म्हणे. अरे, मग त्यांना काढलं कुणी? 'अब उमर हो गई' म्हणत हार घालून ज्यांना वाटेला लावलं, त्यांचंच नाव आता माझ्या तोंडावर फेकायचं. लाज नाही वाटत!

मी स्वतः त्याच खात्यात लॉगिन करते तेव्हा सगळं ठीक चालतं. सरांनी जाताना ठेवलेली ओळ रोज समोर येते – 'राम राम शलाका, पोहे खाल्ले का?' ऑफिसात माझी विचारपूस करणारं तेवढंच उरलंय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शेजारच्या टेबलावरचा विक्रांत, बाईमाणसालाही भाऊ म्हणणारा. "भिया, माझ्याकडे तर सब चलता है." आणि तिकडे जाऊन परेशजींचे कान भरून आला, की शलाकानं प्रोफाइलची फाइल छेडली.

हो, छेडली! एक ओळ जोडली. पण ती फाइल फक्त लॉगिन करताना वाचली जाते. दवाखान्याची मशीन लॉगिन करून बसत नाही, फाइल उचलते आणि जाते. तिचा त्या ओळीशी संबंधच नाही. हे मी समजावत होते तर परेशजी मोबाइल बघत होते. दिमाग खराब झाला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काढली माझी ती ओळ. रिपोर्ट तरी गेले नाहीत. घ्या!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सापडलं. रडू की भांडू, कळेना.

तिकडची मशीन म्हणत होती, निरोप फार लांब आला. कुठला निरोप? – पोह्यांचा! दुसरी एक फाइल असते, बॅशआरसी. नवीन खिडकी उघडली की ती वाचली जाते, आणि बाहेरून मशीन आली तरीही. म्हणून तिच्यात वरच एक अट असते: समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिर. सरांनी राम राम लिहिला तो त्या अटीच्याही वर. मशीन रिपोर्ट मागते आणि आम्ही तिला विचारतो, पोहे खाल्ले का! ती गडबडते, निघून जाते.

अटीच्या वर कधी काही लिहायचं नाही, हे मला सरांनीच शिकवलं. भंवरकुआंच्या कॉम्प्युटर क्लासनं सर्टिफिकेट दिलं. काम सरांनी दिलं, शेजारी बसवून. पण शेवटच्या दिवशी त्यांचे डोळे भरलेले मी पाहिलेत. चुकला असेल हात. कुणाचा नसता चुकला? आणि ही वेळ आणली कुणी? त्या हारवाल्यांनी!

सरांचं नाव मी मेले तरी घेणार नाही. परेशजींना तेवढंच हवंय – बघा, म्हातारा सटकलाच होता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सरांची ओळ अटीच्या खाली नेली. पुसली नाही. रिपोर्ट गेले.

परेशजींनी विचारलं, गडबड कुणाची होती. मी म्हणाले, माझी. विक्रांत गालातल्या गालात हसला. परेशजींनी शनिवारचीही वाट पाहिली नाही. "तो फिर, शलाका, सोमवारपासून नको येऊ."

घरी आई म्हणाली, दुसऱ्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेणारी तूच एक शहाणी. मी तिच्यावरच ओरडले. राजेंद्र नगरला अर्ध्या गल्लीनं ऐकलं असेल. ऐकू दे. सर माझे कोण होते, तिला काय माहीत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सरांना फोन केला. म्हटलं, काळजी करू नका, तुमची ओळ सापडली, तुमचं नाव कुठंच आलं नाही. माझं काय झालं, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

उलट म्हणाले, "तू कशाला शोधलंस गं? आज-उद्या परेशनं मला परत बोलावलंच असतं."