आत्याच्या गोळ्या कशा घ्याव्यात

तीर्थरूप ताईस शिरसाष्टांग नमस्कार (अक्षरशः आडवी पडूनच लिहिते आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे असं सोमवारी फोनवर म्हणाले, ते खोटं होतं. खरं पत्रातच लिहिते, फोन आत्या ऐकते.

तिला तिच्या घरून इकडे आणलं त्याच दिवशी मी सात खणांची गोळ्यांची डबी घेतली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि एक वही आखली : पाणी, गोळ्या, झोप, हट्ट. (शेवटचा रकाना माझ्या डोक्यातून आला.) जिने पस्तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्ड सांभाळले, आई गेल्यावर आपल्या दोघींच्या वेण्या घातल्या, तिच्या हट्टांसाठी मी पट्टी घेऊन रकाना आखला, ताई.

सोमवारी तुला म्हणाले ना, "तिचं आता काही खरं नाही, डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं"? ती तिथेच वर्तमानपत्राआड बसली होती. मग ती गोळ्या घेईना. मी आपली बालवाडीतल्या बाईंसारखी, "हे बघ, अशी मान मागे, असं पाणी, की गट्टम!" म्हणत करून दाखवलं. तिच्याच गोळ्यांनी. रक्तदाबाच्या, दोन्ही.

"छान जमलं," आत्या म्हणाली. "आता खाली बस, नाहीतर पडशील."

बसायच्या आत पडले. तिने माझ्या पायांखाली उशा दिल्या, नाडी धरली आणि डॉक्टरांना फोनवर सांगितलं, "पेशंट शुद्धीवर आहे. अक्कल आधीपासूनच नव्हती." नंतर वहीही तिने ताब्यात घेतली. माझ्या हट्टाच्या रकान्यात लिहिलंय : सतत.

पण पाण्याच्या रकान्यात, ताई, 'दहा वाजता पाणी दिले' हे एकाखाली एक चारदा आहे. प्रत्येक वेळी ती नव्याने काळजीत पडून पेला घेऊन आली, "सकाळपासून पाण्याचा थेंब नाही गं तुझ्या पोटात." चारही पेले प्यायले. तेव्हा कळलं, मी नऊ दिवस तिचे हट्ट मोजले. तिला काय आठवत नाही, ते एकदाही पाहिलं नाही. फार लाज वाटली.

आता तिने पिशवी भरली आहे. म्हणते, पेशंट बरा झाला की नर्सचं काय काम? तिकडे एकटीने राहायचं, त्याच स्वयंपाकघरात, जिथे दोनदा गॅस चालू राहिला होता.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम हे : तू तिला फोन करून सांग, मला अजून चक्कर येते, मला एकटं सोडू नये. (मी परवाच ठणठणीत झाले. आडवी पडले आहे ती याचसाठी.)

ता. क. हे आत्या लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तिची नाडी उत्तम आहे, ढोंगही बरं करते. पिशवी रिकामी केली. राहते मी. तिला कळू देऊ नकोस.

ता. क. हे आत्या लिहिते आहे. पाकीट चिकटवायला दिलं होतं, आत्ताच वाचलं. राहते मी. तिला कळू देऊ नकोस.