साडेचौसष्ट इंच

५ फेब्रुवारी, सोमवार
आज हिरेकट्टीला कालव्याच्या दारावर रुजू झालो. मी सांगोल्याकडचा, मेंढरांमागे वाढलेला. एवढा कालवा आपल्या हाती, म्हणून सारखं हसू येत होतं. कालवा अजून कोरडा आहे, पाणी शनिवारी सुटणार. दाराशेजारी सात पायऱ्या उतरून मापाची खोली आहे. कालव्याचं पाणी तिथे भोकातून येतं. भिंतीवरच्या इंचाच्या पट्टीवर ते पाहून वहीत लिहायचं, एवढंच काम. वर फळीवर जुन्या अकरा वह्या नीट लावलेल्या आहेत.

पोहता येत नाही, हे मी पाणीवाटप बघणाऱ्या शिवप्पाअण्णांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, लई बरं झालं.

शेजारच्या अंबुबाईंनी भाकरी आणि शेंगाचटणी दिली. दारावरच्या नव्या माणसाला गाव कपडे शिवतं म्हणे. त्यांनी सुतळीने माझी उंची घेतली. पायात चपला होत्या. माप चुकेल म्हणून त्या काढून मीच पुन्हा घ्यायला लावलं. साडेचौसष्ट इंच. अंबुबाई म्हणाल्या, इतका नेटका माणूस आजवर आला न्हाय.

७ फेब्रुवारी, बुधवार
हॉटेलात चहावाला ओरडला, "या साडेचौसष्ट, बसा की!" सगळे हसले. मी बसलो तसे बाकावरचे उठून गेले. माझं नाव गुंडा आहे म्हणालो, तर तो म्हणाला, चार दिवसांसाठी नाव कशाला पाठ करायचं? माझा कप त्याने धुतला नाही. फोडून टाकला.

मापाची खोली झाडली. पट्टीशेजारी भिंतीत आडव्या खाचा आहेत, प्रत्येकीपुढे साल. कुठली एकसष्ट इंचांवर, कुठली सहासष्टावर, कुठली अडुसष्टावर... मोजल्या, बारा भरल्या. बारावी ताजी आहे. साडेचौसष्टावर. पुढे यंदाचं साल.

८ फेब्रुवारी, गुरुवार
वह्या ताडून पाहिल्या. दर वर्षी पहिलं पाणी त्या सालच्या खाचेपर्यंत चढतं आणि थांबतं. तिथेच ती वही संपते. पुढच्या वहीत अक्षर वेगळं. अकराही वेळा.

अंबुबाईंना विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, माणूस दिला की पाणी शेवटच्या रानापर्यंत येतं, न्हाय तर मधेच आटतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
पिशवी घेऊन फाट्यावर गेलो. एस.टी. थांबली. शिवप्पाअण्णांनी पुढे जा असा हात केला, ती मला न घेताच निघून गेली. ते रागावले नाहीत. म्हणाले, माप तुमीच नीट करून दिलं की.

खाच सिमेंटने बुजवली. तासाभराने पाहिलं — होती तशीच.

१० फेब्रुवारी, शनिवार
सकाळी सात. चौघांनी धरून खोलीत लोटलं. बाहेरून कडी. हलगी वाजते आहे. अंगात नवे कपडे. अगदी मापाचे.

एकवीस इंच.

चाळीस. ओरडलो. हलगी वाढली.

पन्नास — वही छताजवळच्या झरोक्यात ठेवून लिहितो. जुन्या वह्या पायाखाली रचल्या. चार इंच उंच झालो. टाचा उचलल्या की आणखी —

साठ.

साडेचौसष्ट. ओठाला लागलं. थांबलं! नाक वर आहे. मी चुकवलं —

झरोक्यातून अंबुबाई म्हणतात, उतर की लेकरा, माप चुकतंय. मी नाही उतरणार.

वरची वही पायाखालून हलली. कोणीतरी ओढली. हळूच, आपली असल्यासारखी. अंबुबाई तर बाहेर —

दुसरीही. ज्याची तो —

तिसरी