माझ्या बाजूचा ब्रेक

सोमवार, ३ फेब्रुवारी
सोळा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतोय, आणि आज मालक मला शांत राहायला शिकवतात. दोन महिन्यांत माझे तीन विद्यार्थी रडत सोडून गेले म्हणे. गेले असतील. हल्ली लोकांचे कानच नाजूक झालेत. अजून एक गेला तर गाडी काढून घेणार आणि मला ऑफिसात चार्टवरून रस्त्याच्या खुणा शिकवायला बसवणार. वर एक छापील कागद दिला: कामावरचा ताण आणि आपली प्रतिक्रिया. देणारा माणूस गेल्याच महिन्यात प्रिंटरला लाथ मारून आठवडाभर लंगडत होता.
असो. संकल्प. ओरडायचं नाही. इन्स्ट्रक्टरच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो, त्याला जिवावर बेतल्याशिवाय पाय लावायचा नाही. चहा चारच.

मंगळवार, ४
बँकवाल्या बाई. तिसरा आठवडा. हँडब्रेक न सोडता दोन किलोमीटर. मी गप्प. जळका वास. तरी गप्प. शेवटी त्यांनीच विचारलं, सर, कसला वास येतोय. मी हसून म्हणालो, तुम्हीच ओळखा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे.
चहा सहा.

गुरुवार, ६
कागदात लिहिलंय, प्रतिक्रिया देण्याआधी दहापर्यंत मोजा. औषधांचा दुकानदार गाडी मागे घेत होता. सातला कचऱ्याचा डबा गेला, नऊला कुणाचं तरी फाटक. ब्रेक का नाही दाबलात, असं मलाच विचारतो! ब्रेक ही प्रतिक्रिया आहे, असं शांतपणे समजावलं. तो उतरून चालत निघून गेला. काही लोकांना चांगलं वागलेलं सोसत नाही.

शुक्रवार, ७
औषधवाल्याला ताप. ताप येणं म्हणजे सोडून जाणं नव्हे, हे मालकांना पटवलं. ते म्हणाले, दुसऱ्या गाडीवरच्या नव्या इन्स्ट्रक्टरकडून शिका काहीतरी. त्याच्याकडून! विद्यार्थ्याने सीटबेल्ट लावला तरी हा "वा" म्हणतो. उद्या दार उघडलं म्हणून टाळ्या वाजवेल. त्याचे सगळे पहिल्या फटक्यात पास होतात. नशीब एकेकाचं.

शनिवार, ८, दुपारी
भन्नाट आयडिया. बायको! चार वर्षं मागे लागली आहे, गाडी शिकवा म्हणून. माझीच बायको माझ्या गाडीतून हसत उतरली की मालकांची बोलती बंद. लगेच फॉर्म भरला. तिने दोनदा विचारलं, नक्की ना.

सोमवार, १०, सकाळी साडेआठ
बायकोचा पहिला धडा. एकदाही ओरडलो नाही. नुसती माहिती देत होतो. चाळीस मिनिटं, सलग. तिने एका शब्दानेही उलट उत्तर दिलं नाही. इतकी गुणी विद्यार्थिनी सोळा वर्षांत पाहिली नाही. घराच्या बरीच अलीकडे उतरली. चालायचं होतं म्हणे.

मंगळवार, ११
ओरडलो नाही. डॅशबोर्डवर दोनदा हात आपटला. डॅशबोर्ड म्हणजे माणूस नव्हे. कागदात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, दोनदा तपासलं.

बुधवार, १२
बायकोचा गुडघा दुखतोय. विश्रांती.

शनिवार, १५
बँकवाल्या बाईंना घेऊन निघालो होतो. पुढे आमच्या स्कूलची दुसरी गाडी. इंडिकेटर वेळेवर, म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडताना वेग कमी. बाईंना म्हटलं, बघा, याला म्हणतात गाडी चालवणं. सिग्नलला शेजारी जाऊन थांबलो. स्टिअरिंगवर बायको. हसत होती. कशाला ते कळलं नाही, काचा बंद होत्या.
ऑफिसात मालकांनी तिचा फॉर्म पुढे सरकवला. इन्स्ट्रक्टर बदलण्याचं कारण, आणि त्यापुढे तिचं गोल अक्षर: घरी रोज ऐकतेच. गाडीत आणखी कशाला?
गाडीची चावी मी आपणहून टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली.

सोमवार, १७, संध्याकाळी
अकरा जणांना "पुढे वळण आहे" शिकवलं. चार्ट बरा. डोक्याला ताप नाही. एक प्रकारे बढतीच ही.
घरी आल्यावर बायकोला सहज विचारलं, तो नवा इन्स्ट्रक्टर असं काय वेगळं शिकवतो.
ती म्हणाली, "तुम्ही सांगता तेच सांगतो हो. पण सांगून झालं की गप्प बसतो. मग मी काहीतरी बोलते, ते ऐकतो."
एवढं बोलून थांबली. माझ्याकडे बघत होती, मी काही विचारीन म्हणून. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, पण काय विचारायचं असतं तेच सुचेना. घाबरलो, खरं सांगायचं तर. मग क्लचबद्दल सांगायला लागलो. ती भांडी आवरायला उठली.